थांबणाऱ्याला दंड कशाला?

१ ऑगस्ट २०२५ पासून एका यूपीआय अ‍ॅपवर दिवसाला फार तर ५० वेळा शिल्लक पाहता येते. या निर्बंधाला ‘तांत्रिक शिस्त’ म्हणून गौरवणे मला मान्य नाही. १२ एप्रिलला यूपीआय कोलमडले, ते कुणी शिल्लक न्याहाळीत बसल्यामुळे नव्हे. एनपीसीआयच्याच विश्लेषणानुसार काही बँकांच्या प्रणाली ‘व्यवहार झाला का?’ हे पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांविषयीसुद्धा, विचारीत होत्या.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम साधा आहे: आत अडकलेल्या विनंत्या म्हणजे त्यांच्या येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. उत्तर लांबले की गर्दी वाढते. अधीर प्रणालीने प्रश्न पुन्हा विचारला की वेगही वाढतो, आणि उत्तर आणखी लांबते. असमकालिक रचनेत विचारणारा इतर कामास लागतो, निकाल तयार होताच त्याला कळवले जाते. (अर्थात रांगेला मर्यादा नसेल, तर तीही बुडते.)

सिविल लाइंसमधील आमच्या चहावाल्याचा साउंडबॉक्स पैसे येताच स्वतः बोलतो. चहावाला बँकेला विचारीत बसत नाही. बँकांवर पुढे बंधने आली, ती योग्यच. आता कोणत्या बँकेने त्या दिवशी किती वेळा विचारले, ते आकडेही प्रसिद्ध करा.