सूज उतरली, म्हणजे खांड बुजली?

विरार फास्टमध्ये संडास नसतो. दिवसातून दहा वेळा रक्ती आव पडणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भाईंदर, बोरिवली, अंधेरी, दादर यांपैकी कुठल्या फलाटावर संडास आहे आणि त्याला कुलूप नाही, हे त्याला गाड्यांच्या वेळांपेक्षा पाठ असते. आतड्याला सूज आणि जखमा आणणाऱ्या या आजाराचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स.

शेजारी म्हणतात, ‘पोटात उष्णता आहे. तिखट सोड, टेन्शन घेऊ नकोस, सब्जा पी.’ तिखटाने आणि ताणाने त्रास वाढू शकतो, हे मान्य. पण तेच बोंबलाचे कालवण अख्खी आळी खाते, मग आतड्याला जखमा एकालाच का? शिवाय रक्त दिसले की मूळव्याध समजून मलम लावत काढलेले महिने परत मिळत नाहीत.

दुसरा पक्ष शिकलेल्यांचा, म्हणून त्याचा समाचार जास्त नीट घ्यायला हवा. ते म्हणतात, सूज आणणारे प्रथिन इंजेक्शनने अडवा, की आजार संपला. इथे प्रथिन म्हणजे डाळ-अंड्यातले नव्हे, तर पेशी ज्यांच्यामार्फत एकमेकींशी बोलतात ते रेणू. या म्हणण्यात दम आहे. टीएनएफ हे प्रथिन अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत 1998 साली क्रोन्ससाठी मान्यता मिळाली, आणि अनेकांचे आयुष्य सावरले.

पण एटानरसेप्टही टीएनएफच अडवते. ते संधिवातात चालते, क्रोन्समध्ये मात्र नापास झाले. म्हणजे प्रथिन कोणते एवढाच प्रश्न नाही. ते कुठे, कोणत्या रूपात आणि कोणाला चिकटले आहे हेही पाहावे लागते. सोरायसिसवर गुणकारी ठरलेल्या सेक्युकिनुमॅबची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ते आयएल-17 हे प्रथिन अडवते. 2012 मध्ये त्याच्या क्रोन्सवरील चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा फायदा दिसला नाहीच, उलट औषध घेणाऱ्यांत त्रास जास्त आढळला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत कारणाचा धागा मिळाला. आयएल-17 सूज वाढवते खरे, पण आतड्याच्या अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवणारे ऑक्लुडिन हे प्रथिन जागेवर राखायलाही तेच मदत करते. ज्याला शत्रू समजून डांबले, तो गवंडीही होता.

खाडीकाठच्या माणसाला हे पटकन उमगेल. बांधाला खांड पडली की आरडाओरडा करणारी तोंडे आणि चिखल टाकणारे हात एकाच माणसांचे असतात. गोंगाट नको म्हणून सगळ्यांनाच घरी पाठवले, तर खारे पाणी शेतात शिरणारच. निरोगी आतड्याचे अस्तर साधारण चार-पाच दिवसांत नवे होते. इजा झाली की प्रतिकारपेशी आयएल-22 सोडतात, अस्तराच्या खळग्यांतल्या मूळपेशी त्याला प्रतिसाद देतात आणि नव्या पेशी तयार होतात. दुरुस्तीची हाक सुजेच्याच गल्लीतून येते.

म्हणून माझे म्हणणे असे: उपचार म्हणजे नुसती सूज दडपणे नव्हे, बिघडलेला संवाद दुरुस्त करून अस्तर सांधणे. याचा अर्थ औषधे सोडा असा मुळीच नाही. उलट ती हिशेबाने घ्या. टीएनएफ क्षयाच्या जंतूंनाही गाठीत कोंडून ठेवते. आपल्याकडे छुपा क्षय घरोघर, आणि आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो. त्यामुळे असे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी हवीच.

आणि जुलाब थांबले की गोळ्या बंद करणाऱ्यांना एवढेच सांगणे: पोट शांत वाटले तरी आत जखम असू शकते. शौचाच्या नमुन्यातून होणारी कॅलप्रोटेक्टिनची तपासणीही एका प्रथिनाचेच मोजमाप असते. ती करा, डॉक्टर सांगतील तेव्हा कोलोनोस्कोपी करा, आणि खांड बुजली का हे डोळ्यांनी पाहिल्यावरच औषधे कमी करा.