ऑडिट म्हणजे ऐकणे

मार्च संपला की आम्हा कारकुनांना ऑडिटचे वेध लागतात. वह्या, पावत्या, व्हाउचर सारे टेबलावर मांडून ठेवावे लागते. ऑडिट हे डोळ्यांचे काम, असेच कोणालाही वाटेल. पण हा शब्द आला आहे कानावरून!

लॅटिन भाषेत 'आउदिरे' असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ऐकणे. ऑडिओ, ऑडियन्स, ऑडिटोरियम ही सारी त्याचीच लेकरे. ऑडिटर म्हणजे मुळात 'ऐकणारा'. मध्ययुगात इंग्लंडमध्ये लिहिता-वाचता येणारे थोडे होते. जमीनदाराचा कारभारी वर्षाचा जमाखर्च तोंडी सांगे आणि त्यासाठी नेमलेली माणसे तो ऐकून उलटसुलट प्रश्न विचारीत. तेच ऑडिट.

याच क्रियापदापासून 'ओबे' आणि 'ओबिडियंट' हेही शब्द झाले. इंग्रजी अमदानीतल्या अर्जाखाली 'युवर ओबिडियंट सर्व्हंट' लिहीत, तोच हा ओबिडियंट. म्हणजे एकाच मुळातून मुकाट हुकूम पाळणाराही निघाला आणि जाब विचारणाराही! मराठीत तरी वेगळे काय आहे? 'पोरगा ऐकत नाही' म्हणताना आपण त्याच्या कानांविषयी बोलत नसतो.

जाब विचारणारे ऐकणे काय करू शकते, हे राजस्थानात दिसले. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यात कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरवली. अशा सभांत सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात. कामावर कधी न गेलेल्यांची नावे त्यांत निघत. अक्षरओळख नसलेले मजूरही उभे राहून खरे-खोटे सांगत. याच चळवळीच्या रेट्यातून पुढे २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला.

आपल्याकडेही मंडळ असते, बचत गट असतो, पतपेढी असते. सभेत हिशेबाचा कागद फिरतो, सह्या-अंगठे होतात आणि चहा येतो. वाचकहो, पुढच्या सभेत एवढेच म्हणा, "वही मोठ्याने वाचा." अंगठा देणाऱ्या मावशींनाही वर्गणी किती जमली, मांडववाल्याला किती दिले, हे ऐकून कळते. एखादा आकडा समजला नाही तर तो पुन्हा वाचायला सांगा. त्यात कोणाचा अपमान नाही. हिशेब चोख असेल, तर वाचणाऱ्यालाही त्याचा आनंदच वाटेल.