जाऊ द्या त्याला!

आमच्या कळमन्याच्या मार्केट यार्डातून संत्री पार दिल्लीपर्यंत जातात. वस्तीतला सत्तावीस वर्षांचा मुलगा मात्र ‘तीन महिने देश पाहून येतो’ म्हणाला, की घरात वादळ उठतं. नोकरीचं काय? लग्नाचं वय चाललंय! आणि मुलीने विचारलं, तर वादळदेखील होत नाही, विषयच संपतो.

मला ही काळजी समजते. पण वरसईच्या विष्णुभट गोडश्यांकडे पाहा. जन्म १८२७ चा, घरावर कर्ज. १८५७ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, ते काकांबरोबर दक्षिणा मिळवायला ग्वाल्हेरकडे निघाले. वाटेत बंडाने गाठलं. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. कमाई लुटली गेली. तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. १९०७ साली छापलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण अजून वाचतो.

भटजी जबाबदारी टाकून गेले नव्हते, ती बरोबर घेऊन गेले होते. म्हणून मुलाला वय विचारू नका. एवढंच विचारा : खर्चाची सोय केलीस का? परतायचं कधी? उत्तरं नीट असतील, तर जाऊ द्या. नोकरी पुन्हा शोधता येते. आईबाप थकले, की मात्र पाय घराबाहेर निघत नाही.