घरचा संगणक : अर्ज आपल्याच बोटांनी लिहू या



मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून हप्त्याने किंवा जुन्या बाजारातून घेतलेला संगणक आज आपल्या अनेक घरांत आहे. त्यावर गाणी वाजतात, सिनेमे पाहिले जातात. पण रेशन कार्डाचा अर्ज, विहार समितीचे इतिवृत्त किंवा वस्तीतील पाण्याबद्दलचे निवेदन मराठीत टाईप करायची वेळ आली की आपण नाक्यावरच्या टायपिंगवाल्याकडे जातो. तो पानामागे पैसे घेतो, ते एक वेळ चालेल. परंतु एक नाव बदलायचे झाले तरी पुन्हा त्याच्याकडे खेटे घालावे लागतात, कारण मूळ फाईल त्याच्याच संगणकात असते.

ती फाईल पेनड्राइव्हवर घरी आणली तर उघडताच इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, असा अनुभव पुष्कळांना आला असेल. संगणक बिघडलेला नसतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आत साठवलेले अक्षर इंग्रजीच असते. फॉन्ट त्यावर फक्त मराठीचे चित्र चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर गेलात की चित्र उतरते. युनिकोडमध्ये असे होत नाही. तिथे 'क'ला, 'ळ'ला, प्रत्येक काना-मात्रेला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा मिळालेली आहे. युनिकोडमधले निवेदन मोबाईलवर वाचता येते, ई-मेलने जाते, आणि सभासदांच्या यादीत एखादे नाव शोधायचे तर क्षणात सापडते.

यासाठी काही विकत घ्यायचे नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग 'टाईम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज' इथे जाऊन मराठी जोडा. मग विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीचे मराठी होते, पुन्हा दाबला की मराठीचे इंग्रजी.

आता कळफलक. इंग्रजीत उच्चार लिहून मराठी उमटवणारी सोय अनेकांना सोपी वाटते. ती वाईट नाही, पण ती अंदाजाने चालते. 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' कधी झाला ते घाईत कळत नाही. जातीच्या दाखल्यावर 'कांबळे' आणि अर्जावर 'कांबले' असेल, तर धावपळ कोणाची होणार? म्हणून माझे मत इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे. हा शासनमान्य कळफलक असून त्यात स्वर व काना-मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. मराठी चालू करून क्रमाने वाय, ई, वाय, ई, एम, ई, यू, एस, वाय या कळा दाबून पाहा. 'बाबासाहेब' उमटेल, आणि शिफ्टची कळ एकदाही लागणार नाही. जोडाक्षरासाठी डी ही कळ पाय मोडते. 'धम्म' लिहायचे तर शिफ्ट धरून ओ, मग सी, डी, सी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसत असली तरी दाबायची अक्षरानंतर. 'दुसऱ्या'मधला र साध्या 'र'चा नाही, तो शिफ्ट आणि जे यांचा; नाहीतर 'दुसर्या' असा रफार डोक्यावर चढतो. रोज अर्धा तास बसले तर काही आठवड्यांत बोटे आपोआप वळू लागतात. मुलांचे हात आपल्यापेक्षा लवकर बसतात, तेव्हा त्यांना हसू द्यावे.

लिहिण्यासाठी लिबर ऑफिस घ्यावे. ते फुकट आहे आणि कायदेशीर आहे. दुकानदार चोरीची महागडी प्रत 'टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणावे. तिच्याबरोबर व्हायरसही घरात येऊ शकतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांचा जुना संगणक विंडोज ११ घेत नाही, त्यांनी जाणकाराकडून लिनक्स मिंट बसवून घ्यावे. तेही मोफत असून त्यात लिबर ऑफिस सहसा आधीच असते. मात्र त्याआधी सगळे फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या.

पत्रकासाठी ठसठशीत अक्षर हवे असेल तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट विनामूल्य मिळतो. फाईल बाहेर पाठवताना 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' करावी, म्हणजे मांडणी हलत नाही. मूळ फाईल मात्र जपून ठेवा. पुढच्या १४ एप्रिलला तारीख तेवढी बदलली की पत्रक तयार.

विहाराच्या जुन्या याद्या, जमाखर्च, भाषणे जुन्या फॉन्टमध्ये अडकली असतील तर टाकून देऊ नका. त्यांचे युनिकोड करून देणारी साधने आहेत. फक्त रूपांतरानंतर एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने पडद्यावर ताळा पाहावा. रफार, जोडाक्षरे आणि आकडे इथेच जास्त चुका निघतात. झालेली फाईल संगणकात एक आणि पेनड्राइव्हवर एक अशी ठेवावी, व तो पेनड्राइव्ह समितीच्या कपाटात असावा.

पुढील अंकी : दाखल्यांचे फोटो ठरलेल्या मापात कसे बसवावेत.