फुकट मिळणाऱ्या गोष्टींसाठी चंदा कशाला?

मोहल्ल्यातल्या शाळेला मदत करायची म्हटली की ट्रस्टच्या बैठकीत दोनच गोष्टी सुचतात. एक स्मार्ट बोर्ड, दुसरी टॅब. सोबत एखाद्या कंपनीचं डिजिटल पॅकेज येतं, ज्याचे पैसे दरवर्षी भरायचे. उद्घाटनाचा फोटो निघतो. पुढच्या वर्षी चंदा कमी पडला की पॅकेज बंद, आणि बोर्डावर पुन्हा खडूनेच लिहायचं असतं, पण तो खडूही धरत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अशी दोन पॅकेजेस मी आतून पाहिली आहेत. एकात भूमितीचा मोठा भाग जिओजेब्रात केलेला होता. हे साधन शिक्षकांना फुकट मिळतं. म्हणजे रिक्षावाल्याने, भाजीवाल्याने दिलेल्या पैशातून आपण फुकटची वस्तू विकत घेतली.

फुकट ते दर्जाहीन, हा आपला जुना समज. कोलोरॅडो विद्यापीठातला 'फेट' प्रकल्प पाहा. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी तो 2002 साली सुरू केला. बल्ब, तारा, बॅटरी पडद्यावर जोडायच्या आणि प्रवाह कसा बदलतो ते बघायचं. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला यापेक्षा काय हवं? त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. पुण्यात आयुकात काम केलेल्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर काडेपेट्या आणि सायकलच्या ट्यूबपासून करायची विज्ञान खेळणी आहेत, शेकडो पुस्तकं आहेत. एक पैसा लागत नाही.

आणि पवईचं आयआयटी तर आपल्या दारातच आहे. तिथला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो शिकणाऱ्याचा विचार करून बनवलाय. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करायचं. लिब्रेऑफिसपासून प्रोग्रामिंगपर्यंत विषय आहेत, आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. क्लासची फी न भरू शकणाऱ्या मुलीला ही खरी दूरशिक्षणाची सोय आहे. आपल्या किती शाळांना याचं नाव माहीत आहे?

सरकारचं 'दीक्षा' 2017 पासून आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर त्याचा क्यूआर कोड छापलेला असतो. पण घरातला एकुलता एक फोन अब्बांसोबत कामावर गेलेला असेल, तर तो कोड कशाने स्कॅन करायचा? इथेच आपल्या लोकांची 'ऑनलाइन क्लास' ही कल्पना फसते. साधा हिशेब करू. 500 केबीपीएसचा व्हिडिओ तासाला 225 एमबी खातो. 32 केबीपीएसचा नुसता आवाज तासाला 14.4 एमबी. म्हणजे दहा मिनिटांचा आवाजी धडा अडीच एमबीच्या आत. रात्री फोन घरी आला की तो ऐकता येतो, पुन्हा ऐकता येतो. 2020 मध्ये कित्येक बाजींनी व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवून नेमकं हेच केलं, कुणी प्रशिक्षण न देता. तरी 'शिक्षकांना टेक्नॉलॉजी जमत नाही' असं म्हणणारे बैठकीत पुढे बसलेले असतात, आणि शिक्षिकेला बैठकीला बोलावलेलंही नसतं.

नेटच नसेल तर? त्यासाठी 'कोलिब्री' आहे. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर ते बसवायचं, धडे एकदाच उतरवून घ्यायचे. मग वर्गातले फोन वायफायने त्या लॅपटॉपला जोडले की इंटरनेटशिवाय सगळं चालतं. कोण कुठे अडलं ते शिक्षिकेला दिसतं. तिने स्वतः केलेले धडे, पीडीएफ, स्वाध्यायही त्यात घालता येतात. कोड खुला आहे, वर्षाची फी नाही.

आता तुमच्याशी बोलतो, कारण हे वाचणाऱ्यांत बरेच जण डिप्लोमा-डिग्रीवाले आहेत. कोलिब्री बसवायला तुम्हाला एक दुपार लागेल. पण खरं काम त्यानंतरचं आहे: महिन्यातून दोनदा शाळेत जाणं, बिघडलं तर दुरुस्त करणं, न झालेली भाषांतरं करणं. यातल्या बऱ्याच साहित्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असतो. अटी वाचा, मूळ कर्त्याचं नाव द्या आणि भाषांतर करा. एखादा धडा उर्दूत नाही म्हणून उर्दू माध्यमाच्या शाळेने तो सोडून द्यायचा, ही तक्रार आपण किती वर्षं करणार? उर्दू आणि मराठी दोन्ही येणारी मुलं आपल्याकडेच तर आहेत.

आणि ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत कंपनीचा माणूस आला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. नेट गेलं तर हे चालेल का? आमच्या शिक्षिकेला धडा बदलता येईल का? पैसे भरणं थांबवलं तर आमच्याकडे काय उरेल? उत्तरं लेखी मागा, आणि ती वाचायला शिक्षिकेला आधी द्या.