मार्करांची पेटी आणि छायेचा अभ्यास

चित्रकलेचीं साधनें काळाप्रमाणें बदलत आलीं आहेत, आणि शाळेनें प्रत्येक नव्या साधनाकडे संशयानें पाहावें असें आमचें मुळींच मत नाहीं. बोरू गेला, टांक आला, टांकाच्या जागीं झरणी आली. तरी अक्षर वळणदार काढण्याचे कष्ट कोणासहि चुकले नाहींत. अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरांत अल्कोहोल मार्करांच्या पेट्या दिसूं लागल्या आहेत. कोणी चोवीस रंगांची आणतो, कोणी साठांची, कोणी त्याहूनहि मोठी. मोबाइलवर एकाद्या कुशल चित्रकाराचा हात झरझर चालतांना मुलें पाहतात, आणि तशीच पेटी मिळाली म्हणजे तसाच हात आपणांस येईल असें समजून घरीं हट्ट धरतात. पालक आम्हांस विचारतात, ही पेटी घ्यावी कीं न घ्यावी? आमचें उत्तर असें कीं, मार्कर अवश्य घ्यावे. पेटी घेऊं नये.

या मार्करांत रंग पाण्यांत नव्हे, तर अल्कोहोलांत विरघळविलेला असतो. अल्कोहोल लवकर उडून जातें म्हणून रंग पाहतां पाहतां वाळतो. परंतु त्यावर ओला मार्कर पुन्हां फिरविला, तर वाळलेला रंग परत विरघळतो व दोन छटांमधील कड नाहींशी होते. पाण्याच्या स्केचपेननें हें साधत नाहीं. तेथें वारंवार घासलें कीं कागदाचे तंतू उठतात आणि पट्टे मात्र तसेच राहतात. शिवाय हा रंग पारदर्शक आहे. कागदाचा पांढरेपणा हाच त्यांतील उजेड. ज्या जागीं चमक दाखवावयाची, ती जागा आरंभापासून कोरी राखावी लागते. (पांढऱ्या जेल पेनचा ठिपका देऊन वेळ मारून नेतां येते, पण तो ठिपका आहे हें डोळ्यांस कळतेंच.)

यास्तव मार्कर हें, लोक समजतात तसें, आळशी मुलाचें साधन नव्हे. त्याला खोडरबर चालत नाहीं. हात लावण्यापूर्वीं उजेड कोणत्या बाजूनें येतो, सर्वांत गडद जागा कोठें आहे, हें मनाशीं ठरवावें लागतें. खिडकीजवळ एक वांगें ठेवावें व फिकट, मध्यम आणि गडद असे तीनच करडे मार्कर घ्यावे. चमकेची जागा सोडून सर्वत्र फिकट करडा द्यावा, व त्याचे फटकारे वांग्याच्या गोलाईबरोबर वळवावे. तो ओला आहे तोंच उजेडाकडून वळलेल्या अंगास मध्यम करडा लावावा. गडद करड्यास अगदीं अरुंद जागा द्यावी. आणि ती कडेपर्यंत नेऊं नये, कारण मेजावरून परतलेला मंद उजेड खालच्या कडेस असतो. नवशिके येथेंच चुकतात. कडेला काळी रेघ ओढतात आणि गोल वांगें चपटें होतें. शेवटीं फिकट मार्कर सांध्यावरून हलकेच फिरवावा. त्याच मार्करचा दुसरा हात दिल्यास रंग थोडा गडद होतो, पण कांहीं हातांनंतर कागद भरून जातो आणि शाई फुटूं लागते. कोठें थांबावें हें त्यामुळें आपोआप कळूं लागतें. ज्यास करड्यांत हें साधलें, त्यास पुढें जांभळ्याच्या तीन छटा निवडतां येतात. ज्यास साधलें नाहीं, त्याच्यापुढें शंभर रंग ठेवले तरी तो वांग्याच्या आंत सपाट जांभळा भरील.

निवड कशी करावी याचा एक चांगला नमुना जपानांत आहे. तेथील ‘टू’ नांवाच्या कंपनीनें १९८७ सालीं ‘कॉपिक’ मार्कर काढले. छायाप्रतीवर रंगविलें असतां छापील रेघ विरघळूं नये ही त्यामागील योजना होती, व नांवहि त्यावरूनच पडलें. त्यांत आज ३५८ रंग आहेत. परंतु प्रत्येकावर अक्षर व आंकडे असतात. अक्षर रंगाचें कुळ सांगतें, पहिला आंकडा रंग किती झळझळीत वा मंद तें सांगतो, आणि शेवटचा आंकडा वाढेल तसतसा रंग गडद होतो. ‘ई ३३’, ‘ई ३५’ आणि ‘ई ३७’ हे मातकट रंग घेतले कीं मडक्याच्या तीन छटा तयार. कोणत्याहि कंपनीचे मार्कर असोत, सुटे तीन-तीन घ्यावे. टोपणावरील रंगावर मात्र विश्वास ठेवूं नये. आपल्याच कागदावर प्रत्येकाचा ठसा काढून पाहावा.

कागद गुळगुळीत व घट्ट असावा. पानाखालीं जाड पुठ्ठा ठेवावा, नाहीं तर पुढचीं दोन पानें वांयां जातात. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात व जवळ दिवा वा शेगडी नसावी, कारण ही शाई पेट घेते. आणि मुलाचें चित्र उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये. हे रंग प्रकाशानें फिके पडतात.

पण आम्हांस खरी चिंता निराळीच आहे. एका बाकावर साठ मार्कर आणि शेजारच्या बाकावर बारा वड्यांची जलरंगाची डबी, असें दृश्य ज्या वर्गांत दिसतें, तेथें डबीवाला मुलगा हळूहळू चित्र झांकूं लागतो. पुढें तो ड्रॉइंगच्या तासाला वहीच विसरून येतो. त्याचा हात वाईट नसतो. त्याला असें वाटूं लागतें कीं चित्रकला ही विकत घ्यावयाची वस्तु आहे आणि ती आपल्या घरास परवडत नाहीं. याहून मोठें नुकसान शाळेंत दुसरें नाहीं, असें आम्ही समजतों. म्हणून आमची सूचना अशी कीं, तीन करड्या मार्करांचे कांहीं संच शाळेच्या कपाटांत ठेवावे, पहिल्या सहामाहींत सर्वांनीं तेच वापरावे, आणि घरच्या पेट्या घरींच राहाव्यात.

यावर कांहीं पालक म्हणतील कीं, शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांस हें कितपत उपयोगी? वस्तुचित्रांत छाया-प्रकाश ओळखण्यास पुष्कळ उपयोगी. परंतु कुंचल्यांत पाणी किती घ्यावें हें मार्कर शिकवीत नाहीं. परीक्षेस बसणाऱ्यांनीं जलरंगाचा सराव सोडूं नये. आणि ज्या घरीं पेटीचा हट्ट चालूं आहे, तेथील पालकांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं तीन करड्यांत काढलेलें एक वांगें मुलाकडून पाहावयास मागावें.