कामगाराचा आजारपणाचा दावा फेटाळला? आधी स्वतःचं रजिस्टर उघडा



मागच्या बॅचमधला एक जण फोनवर चिडून बोलत होता. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, माणसं चौदा. फेब्रुवारीत एका वेल्डरला कावीळ झाली, २४ दिवस घरी. ईएसआयमधून आजारपणाचे पैसे मिळावेत म्हणून त्याने दावा केला आणि तो फेटाळला गेला. "सर, एवढे पैसे भरतो दर महिन्याला, मग देत का नाहीत?"

मी म्हटलं, "चलन काढ. त्याच्या नावापुढे किती दिवस लिहिलेत ते वाच."

दर महिन्याला १२ दिवस. माणूस काम करत होता २६ दिवस!

आता नियम बघा. जानेवारी ते जूनमधल्या आजारपणासाठी आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी बघतात. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. बारा सख्खे बहात्तर. सहा दिवसांनी दावा पडला.

वाचवलं किती? रोज ६०० रुपये. लपवलेले १४ दिवस म्हणजे ८,४०० रुपये पगार. त्यावर मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला २७३ रुपये. आणि वेल्डरचं गेलं किती? सरासरी रोजाच्या ७० टक्के म्हणजे ४२० रुपये. पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणून २२ दिवसांचे ९,२४० रुपये. घरात आजारी माणूस असताना.

माझं मत स्पष्ट आहे. कामगाराचा दावा फेटाळला गेला की "ते तुझं आणि ऑफिसचं, मी काय करू?" हे मालकाने म्हणायचंच नाही. हजेरी तुमच्याकडे, पगारपत्रक तुमच्याकडे, चलन तुमच्याकडे. त्या बिचाऱ्याने एकट्याने सिद्ध काय करायचं? आणि उचल देऊन विषय मिटवू नका. उचल त्याला फेडावी लागते, हा लाभ त्याच्या हक्काचा आहे.

मग करायचं काय?

पहिलं, दावा का नाकारला ते लेखी मागून घ्या. तोंडी उत्तरावर पुढचं पाऊल टाकू नका.

दुसरं, कारण ओळखा. दिवस कमी पडले का? जुन्या कंपनीतला विमा क्रमांक असताना नवा काढल्यामुळे वर्गणी दोन ठिकाणी विभागली गेली का? की खासगी डॉक्टरची चिठ्ठी जोडली? ती आपोआप चालत नाही, विमा दवाखान्याच्या डॉक्टरकडून मान्य करून घ्यावी लागते.

तिसरं, चूक तुमची असेल तर कबूल करा. हजेरीपट, पगारपत्रक आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून शाखा कार्यालयाला पत्र द्या. राहिलेली वर्गणी व्याजासकट भरायची तयारी दाखवा. त्यात कामगाराचा मागचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही, दोन्ही हिस्से तुमचेच. पत्राची पोच घ्या.

चौथं, तरी मार्ग निघाला नाही तर कर्मचारी विमा न्यायालय आहे. कामगार तिथे गेला म्हणून त्याच्यावर राग धरू नका.

काही जण म्हणतील, "सर, कबूल केलं तर आपणच अडकू." अरे, अडकलेलेच आहात! मालकाच्या चुकीमुळे कामगाराचा लाभ बुडाला तर महामंडळ तो देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. उद्या तपासणीत सापडण्यापेक्षा आज स्वतःहून गेलेलं बरं.

आमच्या मित्राने पत्र दिलं, वर्गणी भरली. निकाल यायला वेळ होता, म्हणून ९,२४० रुपये वेल्डरला आधी स्वतःच्या खिशातून दिले, उचल म्हणून नाही. वेल्डर कामावर परत आला. हातात कला असलेला वेल्डर शोधायला किती वणवण होते, ते धंद्यात पडलेल्याला सांगायला नको.

वर्गणी भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५. यावेळी अकाउंटंटला "भरलं का?" एवढंच विचारू नका. "किती दिवसांचं भरलं?" हे विचारा, आणि हजेरीपट शेजारी ठेवून स्वतः ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.